ज्वारीचे मोड, सोयाबीनची भरड

आमच्या वेळी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. विद्यापीठ औरंगाबादला. पेपर तिथून यायचे, निकाल तिथून लागायचे आणि प्रॅक्टिकल परीक्षेचे एक्स्टर्नल पूर्णेला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यातून हिंगोली स्टेशनवर उतरायचे. गाडीला उशीर झाला की परीक्षेलाही उशीर व्हायचा. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालेलं. बी.एस्सी.ला दोन वाटा होत्या, गणित घेतलेल्यांची पीसीएम आणि वनस्पती-प्राणिशास्त्र घेतलेल्यांची सीबीझेड. सीबीझेडच्या पोरांना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार ओलांडायचं काही कारण पडत नसे आणि पीसीएमच्या पोरांना सूक्ष्मदर्शकाला हात लावायला मिळत नसे. या दोन वाटा ज्या एका ठिकाणी एकमेकींना मिळाल्या, ते ठिकाण म्हणजे विकरांचं, म्हणजे एन्झाईमचं, प्रॅक्टिकल.

अभ्यासक्रमात त्याला जागा फार थोडी होती. प्राणिशास्त्रात लाळेतलं अमायलेज, वनस्पतिशास्त्रात उगवत्या बियाण्यातलं डायस्टेज, बस्स. पेशी जी प्रथिनं तयार करते आणि जी स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग लाखो पटींनी वाढवतात, ती विकरं. ही व्याख्या पाठ करायची, एक आकृती काढायची, जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं. पण आमच्या नशिबाने शिकवणारे सर तेवढ्यावर थांबणारे नव्हते आणि कॉलेजच्या स्टोअरमध्ये फारसं काही नव्हतं. या दोन्ही गोष्टी आमच्या पथ्यावर पडल्या.

स्टोअरमध्ये डायस्टेजची एक बाटली होती. पावडर जुनी झालेली. स्टार्चच्या द्रावणात टाकली, तासभर वाट पाहिली, आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग तसाच. सर म्हणाले, "नवीन मागवली तर दिवाळीनंतर येईल. तुमच्या घरी ज्वारी आहे ना? ओंजळभर घेऊन या." दुसऱ्या दिवशी टेबलावर सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत अशी गावागावची ज्वारी जमा झाली. रात्रभर भिजवली, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली, तीन-चार दिवसांत पांढरे कोंब फुटले. सावलीत वाळवून कोंब झटकून टाकले, दाणे खलात कुटले, माठातल्या गार पाण्यात कालवले आणि मलमलीच्या फडक्यातून गाळले. ते गढूळसर पाणी स्टार्चमध्ये घातलं आणि थोड्याच वेळात आयोडीनचा निळा-काळा रंग जांभळा झाला, मग तांबूस, मग नुसता आयोडीनचा पिवळेपणा उरला. कोंबाला खाता यावं म्हणून दाणा स्वतःचा स्टार्च स्वतःच तोडतो, त्यासाठी लागणारं अमायलेज तो उगवताना बनवतो. हे वाक्य पुस्तकात होतं. पण आपल्याच शेतातल्या दाण्याने ते करून दाखवलं तेव्हा ते आमचं झालं.

कोंब झटकून टाकायचं कारण एका मुलाने विचारलं. सरांनी उलटा प्रश्न केला, "जनावराला किराळ का लागते?" वर्गात माहीत नसलेला कोणी नव्हता. पावसाने ताण दिला की वीतभर वाढलेली कोवळी ज्वारी बैलाने खाल्ली तर तो तडफडून पडतो, हे प्रत्येकाने गावात पाहिलेलं होतं. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी फळ्यावर पानाचा छेद काढला. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य एका प्रकारच्या पेशींत असतं आणि ते तोडणारं विकर शेजारच्या दुसऱ्या पेशींत. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. बैलाने चावलं की पेशी फुटतात, विकर धुरिनला भिडतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. मोडातही धुरिन भरपूर असतं. पेशीची रचना, रेणूची मोडतोड आणि गोठ्यातलं नुकसान या तीन गोष्टी त्या फळ्यावर एका आकृतीत होत्या. आंतरविद्याशाखीय शिक्षण असं नाव त्याला तेव्हा कोणी दिलं नव्हतं.

पुढचा प्रश्न तापमानाचा. विकर कोणत्या तापमानाला सर्वांत वेगाने काम करतं, हे काढायचं तर चांगला थर्मामीटर हवा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ हवं. दोन्ही भौतिकशास्त्राच्या कपाटात कुलूपबंद. सरांनी चिठ्ठी लिहून दिली, लॅब अटेंडंट मामांनी ती नेली, आणि सामानाच्या मागोमाग भौतिकचे सरच आले, आपला थर्मामीटर फुटू नये म्हणून. आले ते परत गेलेच नाहीत. बर्फाच्या पाण्यात ठेवलेली टेस्टट्यूब, साध्या पाण्यातली, चाळीस अंशांची, साठ अंशांची आणि उकळत्या पाण्यातली. फुटक्या पांढऱ्या टाईलवर दर मिनिटाला एकेक थेंब. एक जण घड्याळ पाहतो, एक थेंब टाकतो, एक वहीत लिहितो. भौतिकच्या सरांनी विचारलं, "उकळलेली नळी गार करून पुन्हा चाळीसला ठेवली तर?" ठेवली. काही झालं नाही. बर्फातली नळी मात्र चाळीसला आणताच चालू लागली. गारठ्याने विकर नुसतं मंदावतं, उकळीने त्याची घडी मोडते आणि ती पुन्हा बसत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. शिकवलं दोन विभागांच्या सरांनी मिळून, पण वेळापत्रकात तो तास कुठेच नव्हता.

हिंगोलीचं हवामानही त्या प्रयोगात उतरायचं. पुस्तकात लिहिलेलं ‘खोलीचं तापमान’ पंचवीस अंश. आमच्या खोलीचं तापमान जानेवारीच्या सकाळी एक असायचं आणि मार्च संपता संपता भलतंच. तोच प्रयोग दोन महिन्यांच्या अंतराने केला की आकडे बदलायचे. एरवी जी चूक ठरली असती तिला सरांनी निरीक्षण मानलं आणि जर्नलमध्ये तारखेच्या शेजारी तापमान लिहायची सवय लावली. आजही कोणाची प्रयोगवही हातात आली की मी आधी ती नोंद शोधतो.

रीडिंग जमले तेव्हा आलेख काढायची वेळ आली. सीबीझेडच्या पोरांना आलेख म्हणजे बिंदू जोडणं एवढंच माहीत. भरभर चढून मग सपाट होत जाणाऱ्या रेषेत वेग कुठे पाहायचा, कोणालाच सांगता येईना. म्हणून गणिताच्या सरांना बोलावलं. त्यांच्या विभागाला प्रयोगशाळाच नव्हती, त्यामुळे टेस्टट्यूबच्या शेजारी उभं राहून शिकवण्याचा त्यांचाही तो पहिलाच प्रसंग असावा. त्यांनी वक्राला सुरुवातीच्या बिंदूपाशी स्पर्शिका काढली आणि म्हणाले, "हिचा चढ म्हणजे तुमचा वेग. वर्गात मी ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतो ते हेच." पीसीएमची चार-पाच पोरं दारात उभी राहून बघत होती. त्यातल्या एकाने मला नंतर कबूल केलं की डेरिव्हेटिव्ह कशाशी खातात ते त्याला लाळेच्या प्रयोगात कळलं.

लाळेचा प्रयोग हाच सगळ्यांत रंगायचा. प्रत्येकाने चूळ भरून लाळ बीकरमध्ये घ्यायची, पाणी घालून पातळ करायची, त्यात मिठाची चिमूट टाकायची, कारण लाळेतल्या अमायलेजला क्लोराइड मिळालं की ते जोमाने काम करतं. सगळ्यांचा स्टार्च एकच, पाणी एक, तापमान एक. तरी एकाचा रंग चटकन जायचा आणि शेजाऱ्याचा रेंगाळायचा. का? सर म्हणाले, "माणसामाणसांत फरक असतो, पण का ते मलाही माहीत नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकून आम्हाला धीर आला. उत्तर यायला २००७ साल उजाडावं लागलं. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की लाळेच्या अमायलेजचं जनुक माणसाच्या पेशीत एकाच जोडीने नसतं, कोणात त्याच्या दोन-तीन प्रती असतात तर कोणात दहाच्या पुढे. ज्या समाजांच्या आहारात पिढ्यान्‌पिढ्या स्टार्च जास्त, त्यांच्यात या प्रती सरासरीने अधिक. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोरांच्या बीकरमधला प्रश्न जनुकशास्त्रात आणि मानववंशशास्त्रात जाऊन सुटला. तो लेख वाचला तेव्हा सर हयात नव्हते. त्यांना तो दाखवता आला नाही, याची रुखरुख आजही आहे.

बटाट्याचा प्रयोग सर्वांत स्वस्त. कच्च्या बटाट्याच्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की फेस येतो. बटाट्यातलं कॅटलेज पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. उकडलेल्या बटाट्यावर फेस येत नाही. हा प्रयोग करताना सर दर वर्षी कमला सोहोनींची गोष्ट सांगत. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी १९३३ साली आधी प्रवेश नाकारला, तो ती स्त्री होती म्हणून. तिने हट्ट धरला, अटी घालून प्रवेश मिळाला, आणि पुढे केंब्रिजला जाऊन तिने बटाट्यावर काम करता करता दाखवून दिलं की पेशीच्या श्वसनात भाग घेणारं सायटोक्रोम सी हे वनस्पतींतही असतं. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. परत आल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या डाळी-कडधान्यांतली द्रव्यं तपासली, पचनाच्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी प्रथिनं त्यात कोणती आहेत ते शोधलं, नीरेतली पोषकता मोजली. सर सांगायचे, "पदवीला भौतिक-रसायन आणि संशोधन बटाट्यात. विषयाच्या भिंती बाईंनी मानल्या असत्या तर?" आमच्या बॅचमध्ये मुली अगदी मोजक्या. ही गोष्ट त्या ज्या कान देऊन ऐकत, तसं आम्ही मुलं ऐकत नव्हतो, हे मला तेव्हाही दिसत होतं.

भौतिकच्या कपाटात लाकडी पेटीत एक पोलरीमीटर होता. त्याचा उपयोग वर्षातून एकदा, साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाचं प्रतल किती वळतं ते मोजायला. रसायनशास्त्रात साखरेचं आम्लाने विघटन हा वेगळा प्रयोग. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात इन्व्हर्टेज हे विकर साखर फोडतं असा एक ओळीचा उल्लेख. तिन्ही ठिकाणी साखर तीच, पण तीन जर्नलांत विभागलेली. १९१३ साली लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचं जे समीकरण मांडलं आणि जे आज जगभरच्या प्रत्येक बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात असतं, ते त्यांनी नेमकं याच साखरेवर, याच इन्व्हर्टेजने आणि पोलरीमीटरनेच काढलं होतं. म्हणजे विज्ञानात जी गोष्ट जन्मतः एक होती, तिचे अभ्यासक्रमाने तीन तुकडे केले आणि तीन कपाटांत ठेवले. सरांनी एका शनिवारी दुपारी ती पेटी उघडून यीस्टचं पाणी साखरेत घातलं आणि आम्हाला डोळा लावायला सांगितला. यीस्टमुळे नळीतलं द्रावण गढूळ झालेलं, त्यामुळे रीडिंग नीट आले नाहीत. पण एकाच नळीकडे तिन्ही विभाग बघत होते.

हे सगळं आठवताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ती दुपार प्रत्येक बॅचच्या वाट्याला येत नव्हती. दुसऱ्या एका बॅचने तोच प्रयोग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घेतला होता. आम्ही सगळे पिपेटने द्रव तोंडाने ओढायचो, आम्लसुद्धा, आणि ते धोक्याचं आहे असं कोणी म्हणत नव्हतं. गॉगल नाही, हातमोजे नाहीत, पेट्रोल गॅसच्या प्लांटचा वास सगळ्या खोलीत. परीक्षेत चिठ्ठी उचलायची आणि जी निघेल ती वर्षभराची कमाई. गावातून मराठीत शिकून आलेल्या पोरांपैकी निम्मी इंग्रजी पुस्तकापाशीच अडकायची. जुना काळ चांगला होता असं सरसकट म्हणणं त्या पोरांवर अन्याय होईल. चांगली होती ती एक रीत. साधन कमी असल्यामुळे एका विभागाला दुसऱ्याच्या दारात जावं लागत होतं, आणि दारात गेलं की बोलणं होत होतं.

आता दिवस वेगळे आहेत. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, विद्यापीठ एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आलं. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. प्रयोगशाळेत डिजिटल कलरीमीटर आले, मायक्रोपिपेट आले, इलेक्ट्रॉनिक तराजू आले. डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या पद्धतीने किती साखर सुटली ते आकड्यात कळतं, टाईलवरचा रंग डोळ्याने ठरवावा लागत नाही. तोंडाने पिपेट ओढणं बंद झालं, हे फार चांगलं झालं. वर्गात मुली भरपूर दिसतात आणि ब्यूरेट हाताळताना त्यांचा हात आमच्यापेक्षा स्थिर असतो. हे बदल मला मनापासून आवडतात. आमच्या सरांनी डिजिटल कलरीमीटर पाहिला असता तर ते घरी गेले नसते.

आणि तरी काहीतरी सुटलं आहे. प्रत्येक विभागाचा थर्मामीटर आता त्याचा त्याचा आहे, म्हणून चिठ्ठी लिहावी लागत नाही. विकर छोट्या कुपीत शुद्ध होऊन कुरिअरने येतं, म्हणून घरून ज्वारी आणावी लागत नाही. आलेख संगणक काढतो, म्हणून गणिताच्या सरांना बोलवावं लागत नाही. मंजूर जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक दोन-तीन कॉलेजांत धावणारे, लॅब अटेंडंटची जागा भरलेली नाही. अशा माणसाला शनिवारी दुपारी पेटी उघडायला थांब म्हणणं कठीण आहे. जर्नलं पीडीएफ होऊन मोबाईलवर फिरतात. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा प्रॅक्टिकल पडद्यावर गेलं. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ उपक्रमात विकरांचे प्रयोग आहेत, नीट बनवलेले आहेत, आणि त्या दिवसांत त्यांनी खरंच हात दिला. पण पडद्यावरचं विकर कधी जुनं होत नाही. त्यातली बाटली फसत नाही, खोलीचं तापमान वाढत नाही, शेजाऱ्याच्या लाळेपेक्षा आपली लाळ वेगळी निघत नाही. आमचे बरेचसे प्रश्न अशा फसण्यातूनच सुचले होते.

नवीन शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे श्रेयांक अशी रचना आली. आमच्या वेळी वेगवेगळ्या कुलुपात असलेले विषय एकत्र घ्यायची मुभा आता कागदावर आहे. धोरणाची दिशा मला पटते. पण वनस्पतिशास्त्राचे चार श्रेयांक आणि शेजारी संगणकाचे दोन श्रेयांक घेतल्याने विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन्ही एकत्र होतात, असा अनुभव नाही. ते एकत्र होतात एखाद्या प्रश्नापाशी, जो एका विषयाने सुटत नाही. असा प्रश्न विकराच्या प्रत्येक नळीत असतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या एनआययूएस उपक्रमात मुलांना अशा खऱ्या प्रश्नांवर काम करायला मिळतं. जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेने २००८ पासून अनेक कॉलेजांच्या प्रयोगशाळांना बळ दिलं. मुंबईतल्या होमी भाभा केंद्रात पोहोचणारी मुलं मात्र मूठभर. बाकीच्यांसाठी प्रश्न गावातच शोधावा लागेल, आणि हिंगोलीत तो शोधायला लांब जावं लागत नाही.

आमच्या वेळी शिवारात ज्वारी, कापूस, तूर, करडई होती. आता जून-जुलैत नजर टाकावी तिकडे सोयाबीन. आणि सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात युरिएज हे विकर भरपूर असतं, जे युरिया फोडून अमोनिया सोडतं. याच विकराचे स्फटिक जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये अबईच्या जातीतल्या जॅक बीनमधून मिळवले आणि विकर हे प्रथिन असतं हे पहिल्यांदा सिद्ध केलं. किशोरवयात शिकारीत त्याचा डावा हात गेला होता आणि तो मुळात डावखुरा होता. उरलेल्या एका हाताने त्याने नऊ वर्षं हे काम केलं, १९४६ मध्ये नोबेल मिळालं. ही गोष्ट आमच्या सरांनी सांगितली होती, पण जॅक बीन आम्ही कधी पाहिला नव्हता. आज सोयाबीनचं पोतं प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी आहे.

प्रयोग साधा आहे. हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवायच्या. हळदीचा पिवळा रंग अल्कधर्मी द्रवात विटकरी लाल होतो. एका नळीत कच्च्या सोयाबीनची भरड, दुसरीत नीट भाजलेल्या सोयाबीनची, दोन्हींत युरियाचं द्रावण. पहिल्या नळीतली पट्टी लाल होईल, दुसरीतली पिवळी राहील. पशुखाद्याच्या कारखान्यात सोयापेंड नीट शिजली की नाही हे नेमकं युरिएजवरूनच तपासतात. कारण पेंड शिजताना युरिएज मरतं त्याच सुमारास ट्रिप्सिनला अडवणारं प्रथिनही निकामी होतं. तेच प्रथिन, ज्याच्या भावंडांचा शोध कमलाबाई मुंबईत डाळींमध्ये घेत होत्या. पेंड कच्ची राहिली तर कोंबडीला ती पचत नाही. म्हणजे या दोन नळ्यांत प्रथिनांचं रसायन आहे, पचनसंस्था आहे, कारखान्यातली उष्णता आहे आणि मोंढ्यातला भावही आहे.

तिसरी नळी आपल्या शेतातल्या काळ्या मातीची घ्यावी. मातीतल्या जिवाणूंकडेही युरिएज असतं. ओल्या रानात युरिया वरवर फेकला की त्यातल्या ४६ टक्के नत्रापैकी काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, तो वास शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. किती जातो हे त्याला कोणी मोजून दाखवलेलं नाही. २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाचा लेप देणं सक्तीचं झालं. निंबाचं तेल मुख्यतः अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतं. युरिएजवर त्याचा परिणाम होतो का, आपल्या मातीत किती, दहा अंशांनी तापमान वाढलं तर काय, हे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ब्यूरेट आणि आम्लाच्या साहाय्याने काढू शकतो. आलेखासाठी गणिताच्या मॅडम लागतील, थर्मोस्टॅटसाठी भौतिकचे सर लागतील, मातीसाठी वडिलांना विचारावं लागेल. रंग मोजायला कलरीमीटर नसला तर मोबाईलचा कॅमेरा आहे. एकाच उजेडात काढलेल्या फोटोतून रंगाचा आकडा मिळतो, फक्त उजेड तोच राहील याची काळजी घ्यायची.

हळदीचंही तसंच. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहत आहे. काढणी झाली की हळद शिजवतात. पूर्वी कढईखाली पाचट जाळून, आता ट्रॅक्टरमागच्या कुकरमध्ये वाफेवर. काडी टोचून पाहतात, ती सहज शिरली की हळद शिजली. शिजवल्याने कंदातला स्टार्च फुगतो, रंग सगळीकडे सारखा बसतो आणि कंदातली विकरं थांबतात. कच्च्या कंदाच्या चकतीवर पेरॉक्साइड टाकलं की बटाट्यासारखाच फेस येतो. अर्धवट शिजलेल्यावर थोडा, पुरत्या शिजलेल्यावर नाही. किती मिनिटं वाफ दिली की फेस थांबतो, हे जर विद्यार्थ्याने बापाच्या कुकरजवळ उभं राहून मोजलं, तर इंधनाचा हिशेबही त्याच वहीत येईल.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक तिथे मोजायचा आहे. भौतिक, प्रकाशशास्त्र, भूगर्भशास्त्र, संगणक, बांधकाम या सगळ्यांशिवाय ती यंत्रणा चालणार नाही. तिथे नोकरी मिळेल म्हणून आपली मुलं डोळे लावून बसली आहेत, आणि त्यांनी बसावंच. पण तिथे जे लागेल ते आधी इथे, साध्या टेबलावर अंगात मुरलं पाहिजे. कंट्रोलची नळी ठेवायची, रीडिंग तीनदा घ्यायचं, तारखेशेजारी तापमान लिहायचं, आणि आपल्याला न येणारी गोष्ट शेजारच्या विभागात जाऊन विचारायची.

म्हणून माझी विनंती आपल्या जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि प्राचार्यांना आहे. पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत विकरांचं एक सामाईक प्रॅक्टिकल मांडा, जे वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विभागांच्या जर्नलमध्ये एकाच दिवशी लिहिलं जाईल, आणि ज्याचं विकर कुरिअरने नाही तर विद्यार्थ्याच्या पोत्यातून येईल. तो तास वेळापत्रकात लिहून घ्या, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना त्याचं मानधन मिळेल हेही पाहा. आणि पालकांनो, येत्या सुगीत मुलाने किंवा मुलीने कॉलेजला न्यायला ओंजळभर सोयाबीन आणि मूठभर माती मागितली, तर ती कशाला हवी हे जरूर विचारा, आणि द्या.